शंभर ग्रॅममागे

घोरपडीचे शिमोन त्रिभुवन
भोसरीला आमच्या प्रयोगशाळेत आले
दोन बस बदलून. फडक्यातला पाव मांडीवर धरून,
जसं कुणी आजारी मांजर आणतं डॉक्टरकडे.
"कोरेगाव पार्कात याला सावरडो म्हणतात,
आमच्यात आंबवणाचा पाव. चोवीस तास मुरलाय,
बाजारचं यीस्ट नाही.
लेबल छापायचंय, काय ते पोषण लिहून द्या."
तुलनेला दुसराही आणला होता,
त्याच पिठाचा, दीड तासात फुगवलेला.
तो साध्या पिशवीत.

वाळवले, दळले, जाळले,
राखेत लोह शोधलं.
कुणी जपून भाजलेली गोष्ट
आम्ही पुन्हा भाजतो, पांढरी पडेपर्यंत.
पगार त्याचाच आहे.

मंगळवारी आकडे आले.
प्रथिनं, कर्बोदकं, तंतू, लोह, जस्त.
दोन्ही रांगा जुळ्या बहिणी,
दशांशानंतर किरकोळ भांडणं, एवढंच.

त्रिभुवनांनी चष्मा काढला. पुसला. घातला.
आकडे तेच.
"म्हणजे मॅडम,
चोवीस तास मी केलं काय?"

आता हे कसं सांगावं,
की गव्हात लोह असतं, पण कोंड्यातलं फायटिक आम्ल
त्याला धरून बसतं, सोसायटीच्या सेक्रेटरीनं
गच्चीची किल्ली धरावी तसं.
आपण खातो, आणि लोह पोटातून जातं
दार न उघडलेल्या बसमधल्या उतारूसारखं
पुढच्या थांब्यावर, त्याच्या पुढच्या, शेवटी डेपोत.
तुमचं आंबवण रात्रभर आंबट होत
ती मूठ सैल करत असतं, एकेक बोट.
तक्ता विचारतो, घरात आहे किती.
हाताला लागतं किती, ते विचारत नाही.

साखरही म्हणे याची
रक्तात चालत येते, धावत नाही.
बहुधा. माणसागणिक वेगळं,
मी शपथेवर सांगणार नाही.
आणि ग्लुटेन कमी होतं, संपत नाही.
ज्याला गहू सोसत नाही त्याला हाही सोसणार नाही,
ते मात्र ठळक छापा.

"मग बाकीचंही लिहा की."
रकाना नाही.
"तळाला? बारीक अक्षरात?"
मी मान हलवली.

मग ते बोलत राहिले, टेबलाशी बोलल्यासारखे:
डिसेंबरात आळसावतं, बरणीवर गोधडी टाकतो.
मे महिन्यात चार तासांत माजतं, माठाला टेकवून ठेवतो.
नळाचं पाणी आदल्या रात्री उघडं ठेवायचं,
औषधाचा वास उडू द्यायचा, नाहीतर कोमेजतं.
मुलगी फोन करते हडपसरहून, पप्पा झोपा.
हे जागं आहे, मी कसा झोपू?

फॉर्म त्यांनीच भरला.
घटक: गहू, पाणी, मीठ,
पेन जरा थांबलं,
बुधवारची रात्र.
मी लाल शाईनं खोडलं.
त्यांनी बघितलं, हसले नाहीत,
सही केली, गेले.

राखीव नमुन्यातला दोन बोटं तुकडा उरला होता.
टाकून द्यायचा असतो. नोंद करून.
चार वाजता चहा आला.
माझं हिमोग्लोबिन नऊ पॉइंट दोन,
गेली तीन वर्षं, आणि तीन वर्षं
मी इतरांच्या खाण्यातलं लोह मोजतेय.
चहा लोहाची वाट अडवतो,
हे मला कुणी शिकवायला नको.

कप बाजूला सरकवला.
तुकडा कडक झाला होता, आंबूस,
चावायला वेळ घेणारा.
मी दिला.
कपावर साय धरली.